‘निवांत इटली’च्या कार्यक्रमपत्रिकेत फसवणूक कुठे लपलेली असते

रोमच्या मेट्रोत पाकीट मारलं गेलं तर ते पुढच्या स्टेशनवर कळतं. ‘निवांत सांस्कृतिक इटली’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सहलीतली फसवणूक कळायला मात्र फार उशीर होतो. माणशी काही लाख भरून झालेले असतात, व्हिसा लागलेला असतो, आणि फ्लॉरेन्सचं हॉटेल म्हणून बस भलत्याच गावात शिरते. अशी सहल कोण निवडतं? रोज बॅग उचलायला नको म्हणून हळू फिरायचं ठरवलेली निवृत्त जोडपी, चित्रं-शिल्पं नीट बघता यावीत म्हणून वर्षानुवर्षं पैसे साठवलेली माणसं. त्यांच्या गरजेचा नेमका शब्द दाखवून त्यांना गंडवलं जातं, याचा संताप येतो. म्हणून पैसे भरायच्या आधी सहलीची कार्यक्रमपत्रिका कशी वाचायची, ते सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी हॉटेलची ओळ बघा. ‘फ्लॉरेन्स / मॉन्तेकातिनी / प्रातो किंवा तत्सम’ असं छापलेलं असेल, तर त्या तिरक्या रेघांमधलं सगळ्यात स्वस्त गाव तुमच्या वाट्याला येणार हे धरून चाला. मॉन्तेकातिनी तेर्मे फ्लॉरेन्सपासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. औषधी पाण्याच्या झऱ्यांचं हे जुनं गाव, मोठी हॉटेलं भरपूर, म्हणून ग्रुपवाल्यांना सोयीचं. पण रोजचे दोन तास बसमध्ये जातात, आणि सकाळी गर्दी होण्याआधीचं आणि संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक निघून गेल्यानंतरचं फ्लॉरेन्स तुम्हाला दिसतच नाही. हळू फिरण्याचं खरं सुख त्याच दोन वेळांत असतं. व्हेनिसच्या बाबतीत डाव आणखी बारीक आहे. मुख्य भूमीवरचं मेस्त्रे हे व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत येतं, त्यामुळे ‘हॉटेल व्हेनिसमध्ये’ हे वाक्य कागदोपत्री खोटं ठरत नाही. स्वतः रेल्वेने फिरणाऱ्याला मेस्त्रे वाईट नाही, सांता लुचिया स्टेशन तिथून दहा-बारा मिनिटांवर आहे. ग्रुपची बस मात्र त्रोन्केतोच्या बसतळावर थांबते, तिथून बोट, आणि परतीची वेळ आधीच ठरलेली. रोममध्ये ‘चार तारांकित’ हॉटेल शहराला वळसा घालणाऱ्या रिंगरोडच्या पलीकडे निघू शकतं.

उपाय एकच आहे. हॉटेलचं नाव आणि पूर्ण पत्ता लेखी मागा, आणि तो नकाशावर टाकून रोमचं तेर्मिनी, फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोवेल्ला आणि व्हेनिसचं सांता लुचिया या स्टेशनांपासून चालत किती मिनिटं लागतात ते बघा. ‘तत्सम’ शब्द काढत नसतील तर त्यापुढे ‘याच भागात, १ किलोमीटरच्या आत’ असं लिहून घ्या. लिफ्ट आहे का, हेही विचारा. व्हेनिसच्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा ती नसते.

मग रात्री मोजा. कार्यक्रमपत्रिकेत ‘दिवस’ मोठ्या अक्षरात असतात, रात्री बारीक. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस खरोखर निवांत करायचं तर ४, ४ आणि ३ अशा ११ रात्री लागतात. सिएना त्यात फ्लॉरेन्सहून एका दिवसात होतं. तिथे बसने जावं, कारण बस वर गावाजवळ सोडते आणि रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी राहतं. याउलट ‘निवांत’ म्हणून विकलेल्या आठ दिवसांत रोमच्या दोन रात्री, वाटेत पिसा, मग फ्लॉरेन्सचा अर्धा दिवस आणि व्हेनिसची एक रात्र असेल, तर ती नेहमीचीच धावपळीची सहल आहे, फक्त नाव बदललेलं.

वाटेतली ठिकाणं गळतात त्यामागेही ठोस कारण असतं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे चालक दिवसाला साधारण ९ तासच बस चालवू शकतो, साडेचार तासांनंतर त्याला ४५ मिनिटांची विश्रांती द्यावी लागते, आणि रोजची सलग विश्रांती एरवी ११ तासांची असते. रोम ते फ्लॉरेन्स हे अंतर जवळपास २८० किलोमीटर. त्यात पिसाचा वळसा, दोन जेवणं आणि शहराबाहेरचं हॉटेल धरलं की वेळ संपतो आणि मार्गदर्शक सांगतो, ‘ड्रायव्हरचे तास संपले.’ नियम खरा असतो. कार्यक्रम आखताना तो मुद्दाम विसरलेला असतो. हेच अंतर वेगवान रेल्वेने दीड तासाचं आहे, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तासांच्या आत. बसऐवजी रेल्वे का नाही, हा प्रश्न विचारा आणि उत्तर देताना माणूस कसा चाचरतो ते बघा.

प्रत्येक स्थळापुढचं क्रियापदही तपासा. ‘पाहणे’, ‘भेट’, ‘पॅनोरॅमिक दर्शन’, ‘फोटो स्टॉप’ यांपैकी कशातच आत जाणं येत नाही. ‘तिकिटासह आत प्रवेश’ एवढेच शब्द चालतील. मग वार जुळवा. उफिझी आणि अकादेमिया ही फ्लॉरेन्सची दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, रोमची बोर्गेझे गॅलरीही. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. तुमच्या कार्यक्रमात उफिझी सोमवारी आलं असेल, तर तो कार्यक्रम करणाऱ्याने कधी बुकिंगला हातच लावलेला नाही असं समजा. बोर्गेझेत दोन तासांच्या ठरलेल्या वेळेचं आरक्षण सक्तीचं आहे. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ बघायला एका गटाला १५ मिनिटं मिळतात आणि तिकिटं फार आधी संपतात. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे उत्तर या दोन्ही ठिकाणी म्हणजे नकारच.

स्वतः आखणी करणारेही तिकिटांवर फसतात. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी, ‘ऑफिशियल’ म्हणवणारी संकेतस्थळं बऱ्याचदा दलालांची असतात. व्हॅटिकनची खूण सोपी आहे: खऱ्या पत्त्याचा शेवट ‘डॉट व्हीए’ असाच असतो, कारण ते शेपूट त्या राष्ट्राचं स्वतःचं आहे. कोलोसियमचं साधं तिकीट १८ युरोचं, ते भेटीच्या ३० दिवस आधी खुलं होतं. ऑक्टोबर २०२३ पासून त्यावर नाव असतं आणि दारात पासपोर्टशी ताडून बघतात. म्हणून चौकात कुणी ‘उरलेलं तिकीट’ देऊ लागला तर ते तुमच्या उपयोगाचं नाही. ही तिकिटं बॉट (आपोआप बुकिंग करणारे संगणक प्रोग्रॅम) लावून उचलली जात होती, यावरून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२५ मध्ये तिकीट विकणारी संस्था आणि सहा पर्यटन कंपन्या यांना मिळून जवळपास २ कोटी युरोचा दंड ठोठावला. ‘रांग टाळा’ म्हणून दुप्पट पैसे घेतले तरी सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही. सेंट पीटर्स बॅसिलिका आणि फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल यांत शिरायला तिकीट नाही. पैसे लागतात ते घुमटावर चढायला, आणि फ्लॉरेन्सच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत.

आता पैशांचा माग. विमानाचा पीएनआर दिला म्हणजे तिकीट काढलं असं होत नाही. जागा काही काळ नुसती धरून ठेवता येते, आणि पैसे भरले नाहीत की ती सुटते. १३ अंकी ई-तिकीट क्रमांक मागा आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. हॉटेल व्हाउचरचंही तसंच. मोफत रद्द करता येणारं आरक्षण करायचं, त्याचा कागद ग्राहकाला आणि व्हिसाच्या अर्जाला दाखवायचा, मग रद्द करून टाकायचं, ही जुनी युक्ती आहे. निघण्याच्या तीन आठवडे आधी हॉटेलला थेट ईमेल करून तुमच्या नावाने खोली आहे का आणि पैसे भरलेत का ते विचारा.

पैसे वैयक्तिक बचत खात्यात किंवा कुणाच्या नावच्या यूपीआयवर मागितले तर तिथेच थांबा. पक्कं बिल घ्या, त्यावरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा. परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस लागतो, म्हणजे विकणारा तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरतो तो आयकर. त्याचा दर अलीकडे वारंवार बदलला आहे, म्हणून चालू वर्षाचा दर पाहूनच हिशोब करा. घेतलेला टीसीएस तुमच्या पॅनखाली जमा झालेल्या कराच्या नोंदीत (फॉर्म २६एएस) दिसायला हवा. संयोजकाच्या तिमाही विवरणपत्राची मुदत उलटून गेली तरी दिसत नसेल, तर तुमच्याकडून कराच्या नावाने घेतलेली रक्कम बहुधा सरकारकडे गेलेलीच नाही. अशा माणसाने हॉटेलचे पैसे तरी भरले असतील का?

व्हिसाची हमी कुणीही देऊ शकत नाही. निर्णय वकिलातीचा असतो, अर्ज घेणाऱ्या केंद्रालाही तो अधिकार नाही. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) शुल्क प्रौढांसाठी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याला पैसे देऊ नका. व्हिसा नाकारला तर किती रक्कम परत मिळणार, हा आकडा करारात लिहून घ्या. ‘नियमाप्रमाणे’ हा शब्द तिथे चालू देऊ नका.

सहल सुरू झाल्यावर रोख उकळण्याच्याही जागा आहेत. शहर कर हॉटेलला द्यावा लागतो हे खरं, रोमच्या चार तारांकित हॉटेलात तो माणशी रात्रीला ७.५० युरो आहे. तो पॅकेजमध्ये धरलाय का, हे आधी विचारा आणि भरल्यावर हॉटेलची पावती घ्या. व्हेनिसचं प्रवेश शुल्क ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना लागतं. महापालिका हद्दीत, म्हणजे मेस्त्रेतही, मुक्काम असेल तर त्यातून सूट आहे, फक्त नोंदणी करावी लागते. मेस्त्रेच्या हॉटेलात ठेवून वर हे शुल्क गोळा करणाऱ्याला ही सूट दाखवा. गोंडोलाचं अधिकृत भाडं दिवसा ३० मिनिटांना पूर्ण नावेचं ९० युरो आहे, माणशी नव्हे.

फसवणूक लक्षात आलीच तर त्या दिवसाचे पुरावे त्याच दिवशी जमवा: हॉटेलच्या पाटीचा फोटो, नकाशावरचं ठिकाण, बंद दाराचा फोटो, आणि संयोजकाला ईमेलवर लेखी तक्रार. फोनवर भांडून काही शिल्लक राहत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत मागा. सेवेतल्या त्रुटीसाठी आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, संयोजकाचं ऑफिस कुठेही असो. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर दाव्याला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. दाव्यासोबत पहिली छापील कार्यक्रमपत्रिका जोडा, नंतर व्हॉट्सअॅपवर आलेली ‘सुधारित’ प्रतही जोडा, आणि दोन्हींवर मिळाल्याची तारीख लिहा.