स्वतःचे स्की बूट : एक अख्खा हंगाम वापरल्यावर

डिसेंबरच्या सुरुवातीला बूट घेतले, आता एप्रिल संपत आलाय. मधल्या महिन्यांत आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या टोळीबरोबर टाहोच्या बर्फाळ डोंगरांत जेव्हा जेव्हा जाणं जमलं, तेव्हा हेच पायात होते. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही. माझ्या पायाला बसले ते तुमच्या पायाला बसतीलच असं नाही, आणि नाव दिलं की लोक तेवढंच वाचून ऑर्डर टाकून मोकळे होतात. बाकी सगळं सांगते : बायकांचं मॉडेल, माप २४.५, चवड्याची रुंदी १०२ मिलिमीटर, फ्लेक्स (बुटाच्या ताठपणाचा आकडा) ८५, चार बकलं, ग्रिपवॉकचा (चालायला सोपा) तळ. आदल्या वर्षीचं मॉडेल म्हणून साधारण चारशे डॉलरला पडले.

माझी पातळीही सांगून ठेवते. ब्लू रनवर, म्हणजे मध्यम उतारावर, मी निवांत असते, ब्लॅक डायमंडची, म्हणजे अवघड उताराची, पाटी दिसली की शेजारची वाट शोधते. हिवाळ्यातले दोन-तीन लाँग वीकेंड आणि जमलाच तर मार्च-एप्रिलमधला एखादा शनिवार, एवढंच माझं स्कीइंग. तुमचंही तसंच असेल तर पुढचं वाचा. रोज डोंगरावर असणाऱ्यांना यात नवीन काही मिळणार नाही.

आमच्यात दरवर्षी एकच वाद होतो : आधी काय विकत घ्यायचं? बहुतेकांचा जीव स्कीवर जातो, कारण त्या दिसतात छान आणि गाडीच्या टपावर मिरवता येतात. माझं मत आता पक्कं झालंय. स्की खुशाल वर्षानुवर्षं भाड्याने घ्या, बूट मात्र स्वतःचे हवेत. वळताना आपण नडगीने बुटाची जीभ पुढे दाबतो आणि तो दाब खाली स्कीच्या कडेपर्यंत पोचतो. टाच बुटात वर-खाली होत असेल तर वाटेतच सगळं विरतं. भाड्याच्या बुटांचे लायनर, म्हणजे आतले मऊ अस्तराचे बूट, शेकडो पायांनी तुडवून चेपलेले असतात. टाच हलते म्हणून आपण बकल शेवटच्या खाचेपर्यंत आवळतो, मग पावलाचा वरचा भाग दबून बोटांना मुंग्या येतात, मग डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर बसल्या बसल्या बकलं सोडतो आणि वर पोचलो की पुन्हा आवळतो. दिवसभर हाच उद्योग. तीन दिवसांच्या ट्रिपमध्ये शनिवारची सकाळ रेंटलच्या रांगेत गेली आणि दुपार पाय चोळण्यात गेली, तर स्कीइंग उरलं किती?

खरेदीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. ऑनलाइन न घेता बूट फिटरकडे, म्हणजे पायाला बूट नीट बसवून देणाऱ्याकडे, गेले. त्याने आधी अनवाणी पावलं मोजली, बसून आणि उभं राहून, दोन्ही. डावा पाय थोडा मोठा निघाला. स्की बुटाचं माप म्हणजे सरळ पावलाची सेंटिमीटरमधली लांबी असते, त्यात अमेरिकन-युरोपियन भानगड नाही. भाड्याच्या दुकानात मला नेहमी २५.५ मिळायचे, ‘आरामात बसतील’ म्हणून. फिटरने २४.५ काढले तेव्हा मी म्हटलं, अहो, बोटं मोडतील. त्याने लायनर बाहेर काढून पाय नुसत्या प्लास्टिकच्या शेलमध्ये घालायला लावला, बोटं पुढे टेकवली आणि टाचेमागची फट पाहिली. दीड-दोन सेंटिमीटर भरली, म्हणजे शेल बरोबर. २४ आणि २४.५ चा शेल बहुतेक कंपन्यांत एकच असतो, अर्ध्या मापाचा फरक आतल्या भरावात.

मग लायनर घालून उभी राहिले तर बोटं पुढे टेकत होती. बहुतेक जण याच क्षणी एक माप मोठं मागतात. थांबा, गुडघे वाकवा. टाच मागे सरकून खोबणीत बसते आणि बोटं सुटी होतात. स्की करताना आपण त्याच अवस्थेत असतो, दुकानातल्या आरशासमोर ताठ उभं राहायला हे बूट बनवलेलेच नाहीत.

रुंदीचं म्हणाल तर अरुंद बूट ९७-९८ मिलिमीटरचे, मधले शंभरच्या आसपास आणि रुंद १०२ किंवा त्याहून जास्त. आमच्या टोळीतल्या एका काकांचा सिद्धांत आहे की ज्यांचं बालपण चपलांत गेलं त्यांचा चवडा पसरतोच. शास्त्राचं माहीत नाही, पण आमच्यात शंभरच्या खालचा बूट कोणालाच झालेला नाही. बायकांच्या मॉडेलची वरची कड थोडी खाली असते, कारण आपली पोटरी खालून भरायला लागते. माझी पोटरी जाड आहे, त्यामुळे हा फरक मला पहिल्याच दिवशी जाणवला.

लायनर गरम करून पायावर साच्यासारखा बसवून दिला. तरी पहिल्या वीकेंडला डाव्या करंगळीच्या मुळाशी असं दुखलं की रात्री मोजा काढताना डोळ्यांत पाणी आलं. परत गेले. फिटरने तेवढाच भाग तापवून आतून काही मिलिमीटर बाहेर ढकलला, वेगळे पैसे नाहीत. पुन्हा तिथे कधी दुखलं नाही. ऑनलाइन घेतले की हेच काम पैसे मोजून करून घ्यावं लागतं, आणि मग स्वस्तात मिळाल्याचा आनंद तिथेच संपतो.

खरी परीक्षा प्रेसिडेंट्स डेच्या लाँग वीकेंडला झाली. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार, त्यात बे एरियातल्या बऱ्याच शाळांना त्याच आठवड्यात सुट्टी, म्हणजे अख्खं सिलिकॉन व्हॅली टाहोकडे जाणाऱ्या आय-८० महामार्गावर. आम्ही दोन गाड्यांत आठ जण. वर वादळ येत होतं, डोनर समिटच्या घाटाच्या अलीकडे आर-२ लागलेलं, म्हणजे टायरना चेन लावायची सक्ती, स्नो टायरवाल्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्या सोडून. फोर व्हील ड्राइव्ह आणि चारही स्नो टायरवाली आमची गाडी तशीच सुटली, दुसऱ्या गाडीला रस्त्याच्या कडेला थांबून चेन चढवाव्या लागल्या. केबिनवर पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. पिठलं-भात गरम करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात सगळ्यांनी डब्यातले ठेपले उभ्या उभ्या खाल्ले.

त्या गडबडीत एकाचे बूट रात्रभर डिकीत राहिले. स्की बुटाचं प्लास्टिक थंडीत कडक होतं, हे वाचून कळत नाही. सकाळी तो खुर्चीत बसलेला, एक जण शेल फाकवून धरतोय, दुसरा मागून दाबतोय, आणि स्वयंपाकघरातून त्याची बायको, “अरे, घाल ना लवकर, पार्किंग भरेल!” बूट घरात ठेवा. डोंगरावर जाताना गाडीतही पुढच्या सीटच्या पायाशी हीटरची हवा लागेल असे ठेवा. माझे अशा सकाळी मिनिटभरात चढायचे.

शनिवारी पॅलिसेड्स टाहोला गेलो, १९६० चं हिवाळी ऑलिंपिक झालं तोच डोंगर. इथल्या, सिएरा पर्वतातल्या, बर्फाला लोक ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात ते उगाच नाही. पॅसिफिकवरून येणारी हवा दमट असते, त्यामुळे बर्फ जड पडतो. सकाळी छान वाटतो, पण दुपारपर्यंत हजारो लोकांनी उकरून त्याचे ढिगारे होतात. भाड्याच्या बुटांत अशा बर्फात माझी त्रेधातिरपीट व्हायची, पाय एकीकडे आणि स्की दुसरीकडे. या वेळी गुडघा वळवला की स्की वळत होती. चमत्कार नाही झाला, दमले भरपूर, पडलेही. पण तीन वाजेपर्यंत टिकले आणि एकदाही बकल सोडायला बाकावर बसले नाही.

फ्लेक्सबद्दल थोडं. ८५, ९० हे आकडे कंपनीगणिक बदलतात, त्याला एकसमान मापदंड नाही. एकीचा ८५ दुसरीच्या ७५ सारखा लागू शकतो. शिवाय तोच बूट जानेवारीच्या सकाळी ताठ आणि एप्रिलच्या उन्हात मऊ असतो. परवाच्या शेवटच्या फेरीत दुपारच्या पाणावलेल्या बर्फावर मला हे बूट चक्क ढिले वाटले. नवऱ्याने पुरुषी हौसेने १२० चे घेतलेत. त्याला अजून ते पुढे वाकवता येत नाहीत, त्यामुळे तो मागे रेलून स्की करतो आणि संध्याकाळी मांड्या दाबत बसतो.

बूट स्वतःचे आणि स्की भाड्याच्या, ही जोडी जमते का, असं बरेच जण विचारतात. उत्तम जमते. दुकानात ‘फक्त स्की’ सांगायचं. टाचेजवळ बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते (माझी २८६), त्यावरून बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) सरकवून बसवतात. मग वजन, उंची, वय आणि तुम्ही किती जोरात जाता हे विचारून पडल्यावर बूट सुटण्याचा आकडा लावतात. वजन खरं सांगा, इथे लाजून गुडघा जाईल. आणि ग्रिपवॉकचा तळ असेल तर बाइंडिंग त्याला चालणारं आहे ना, हे स्वतः विचारा, समोरच्याच्या लक्षात येईलच असं नाही.

आता कुरबुरी. ग्रिपवॉकच्या रबरी, किंचित वाकड्या तळामुळे पार्किंगमधून चालणं सुसह्य होतं. पण लॉजमधली स्वच्छतागृहं हमखास जिना उतरून खाली असतात, आणि तो जिना कोणत्याही स्की बुटात शिक्षाच आहे. वाऱ्यात लिफ्ट थांबली की बोटं गार पडतात. त्यावर जाड मोजा हा उपाय नाही. एकच पातळ मेरिनो लोकरीचा मोजा, आणि थर्मल पँट बुटाच्या वर थांबली पाहिजे, आत घुसली की नडगीवर वळ उठलाच. मार्चपर्यंत लायनर चेपून एक खाच जास्त आवळावी लागायला लागली. हे सगळ्याच बुटांत होतं, पण इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. शिवाय वरून दुसऱ्या बकलाचा स्क्रू दोनदा सैल झाला. चारशे डॉलरच्या वस्तूत हे खटकतं. खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवते.

निगा सोपी आहे, आळस नको फक्त. रोज रात्री बूट उघडून वाळवायचे, फायरप्लेसच्या तोंडाशी मात्र नाही, लायनरचा फोम बिघडतो. ठेवताना बकलं हलकी लावून ठेवायची, नाहीतर शेल फाकतो. वासाबद्दल सभ्य शब्द नाहीत, वर्तमानपत्र कोंबून ठेवा.

पैशांचं गणित सांगायचं तर नुसत्या भाड्याशी तुलना करून हे बूट पटकन वसूल होत नाहीत. फक्त बूट भाड्याने घ्यायचे झाले तर फार पडत नाही, आणि वर्षातून एकदाच जाणाऱ्याने तेच करावं. पहिल्यांदा जाणाऱ्याने तर अजिबात विकत घेऊ नयेत. आधी बनी स्लोपवर, म्हणजे नवशिक्यांच्या सोप्या उतारावर, पडून बघा, आवडतंय का ते कळू द्या. वाढत्या वयाच्या मुलांसाठीही नाही, त्यांना हंगामभराच्या भाड्याची योजना बरी. पण दोन वर्षं सलग गेलात, आणि तिसऱ्या वर्षीच्या केबिनसाठी ग्रुपवर आत्तापासून मेसेज सुरू झालेत, तर स्की, हेल्मेट, भारीतलं जॅकेट सगळं बाजूला ठेवून आधी बूट घ्या. एखादी दुपार मोकळी ठेवून, फिटरकडे जाऊन, पातळ मोजा घालून.

माझ्याच मापाची एक मैत्रीण पुढच्या डिसेंबरात एका वीकेंडसाठी माझे बूट मागतेय. लायनर माझ्या पायावर बसलाय आणि डावीकडचा फुगवटा माझ्या करंगळीचा आहे. तिला फिटरचा पत्ता दिलाय.