जुन्या किंडलची बॅटरी मागवताय? आधी हे वाचा

एकूण 6,599 रुपये गेले. जाहिरात बघून किंडलसाठी (ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) मागवलेल्या बॅटरीचे 1,480, कुरिअरचे 120 आणि 'रिफंड देतो' म्हणून उकळलेले 4,999. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात जुनं किंडल कपाटात पडून असलेले पुष्कळ जण आहेत आणि ही जाहिरात त्यांनाही दिसणारच, म्हणून आकडे आधीच सांगून टाकतो.

माझं किंडल 2010 चं, खाली बटणांचा कीबोर्ड असलेलं. पडदा अजून ठणठणीत. त्याच्या कागदासारख्या दिसणाऱ्या ई-इंक पडद्याला पान उलटतानाच काय ती वीज लागते, त्यामुळे एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालायचं. आता सकाळी चार्ज केलं की संध्याकाळी मान टाकतं. कंपनी सुटी बॅटरी विकत नाही. पण या मॉडेलची बदलणं सोपं आहे: पाठीचं झाकण प्लास्टिकच्या पट्टीनं उचकटायचं, दोन स्क्रू काढायचे, जुनी बाहेर, नवी आत. एवढ्यासाठी दुकानदाराला पैसे कशाला द्यायचे? घरी करायचं ठरवलं ते बरोबरच होतं, आजही तेच म्हणेन.

जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला. मॉडेल सांगायला लागलो तर तो मध्येच म्हणाला, "साब, ये सब किंडल में चलता है."

इथंच! या वाक्याला फोन ठेवायला हवा होता. सगळ्यांत चालणारी बॅटरी असते कुठं? माझ्या कीबोर्डवाल्यात 1750 एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ची, नंतरच्या साध्या किंडलमध्ये 890 ची, पहिल्या पेपरव्हाइट किंडलमध्ये 1420 ची. हे सगळं मी आधीच वाचून बसलो होतो. पण त्यानं लगेच फोटो पाठवला, त्यावर माझ्याच बॅटरीचा नंबर ठळक छापलेला. तो बघून कुणीही विश्वास ठेवला असता. ते वाक्य आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

पार्सल आलं. हातात घेताच हलकं लागलं. ओळखीच्या सराफाकडं जाऊन काट्यावर दोन्ही बॅटऱ्या ठेवल्या. नवी जुनीच्या निम्मीही भरली नाही. जुनी फेकायची नाही ती यासाठीच. मग लेबलचा कोपरा नखानं हळूच सोडवला. चकचकीत 1750 च्या खाली दुसरं मळकं लेबल, त्यावर 600. (लेबलच्या पुढं जाऊ नका. लिथियम बॅटरी टोचली, वाकवली तर पेट घेते.)

तक्रार केल्यावर 'रिफंड विभागा'चा फोन. ऑर्डर नंबर, पत्ता, रक्कम सगळं त्याला तोंडपाठ. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसावर संशय कुणी घेतला असता? क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, 1,600 जमा होतील म्हणाला. 4,999 गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगा.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन केला, तिथं निदान तक्रार क्रमांक मिळाला. पुढचे हाल ऐका. माझं खातं पलीकडं महाराष्ट्रात, कारण नोकरी तिकडं होती. इकडचे, कर्नाटकातले पोलीस म्हणतात, खातं महाराष्ट्रात, तिकडं जा. पलीकडचे म्हणतात, फसवणूक कर्नाटकात झाली, तिकडं जा. गुन्हा कुठंही घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायलाच हवी, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम 173 सांगतं. ते दाखवलं तर इकडच्या ठाण्यातले साहेब म्हणाले, अर्ज कन्नडमध्ये आणा. माझं कन्नड बाजारात बोलण्यापुरतं! पैसे देऊन अर्ज लिहून आणला, तर "एवढ्याशा रकमेसाठी?" बँकेनं तर हातच वर केले: पिन तुम्हीच टाकलात. मग आम्ही सीमेवरच्या माणसांनी जायचं कुणाच्या दारात? दोन राज्यांचा कर भरतो, आणि दाद मागायला गेलं की दोन्हीकडून हाकलतात.

आता ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आहे. वकील म्हणतात, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा होता. तुम्ही तो काढाच. काट्याचा आणि खालच्या लेबलचा फोटोही त्याच दिवशी काढा, आणि विक्रेत्याचे मेसेज ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.