हातमागाचं काळं घोंगडं : टोचणार हे धरूनच घ्या

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत एका सणगर काकांकडून घेतलं. सणगर म्हणजे घोंगडी विणणारा समाज. किंमत 2,800 रुपये. घासाघीस करून पाहिली, काका शंभर रुपयांवर सोडायला तयार नव्हते. सूत कातून, खड्डामागावर विणून, वर चिंचोक्याची खळ चढवायची, म्हणजे भाव काही जास्त नाही.

आधी टोचण्याचं बोलू. उघड्या अंगावर घेतलंत तर रात्रभर खाजवत बसाल. आमच्या सूनबाईंनी हात लावला आणि लगेच त्यांची मेरिनोची शाल आणून दाखवली. पण ती मेंढी वेगळी, तिची हवा वेगळी. मेरिनोचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा. घोंगड्याची लोकर इकडच्या दख्खनी मेंढीची, तिचा तंतू त्याच्या दीडपट-दुप्पट जाड, वर त्यात राठ केस मिसळलेले. माण, खटाव, आटपाडी हा पर्जन्यछायेचा मुलूख. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस इथे येईपर्यंत 500च्या आसपास उरतो. कुसळीचं गवत, बाभळीच्या शेंगा आणि दिवसभराची चाल, एवढ्यावर जे जनावर जगतं त्याच्या अंगावर मऊ दाट लोकर कुठून यायची? आणि आलीच तर चैत्र-वैशाखात त्या माळावर ते टिकेल का?

माणसाचंही तेच. दिवाळीनंतर इकडचे बरेच धनगरवाडे घाट उतरतात, कापणी झालेल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवतात, आणि पाऊस लागायच्या आत माघारी फिरतात, कारण कोकणातल्या चिखलात मेंढरांची खुरं सडतात. घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्याला अंथरूण, पांघरूण आणि छत्री अशा तीन वस्तू परवडत नाहीत. घोंगडं तिन्ही कामं करतं. छत्रीचं काम मी खटावला दिराच्या शेतात करून बघितलं. डोक्यावरून खोळ करून घेऊन बांधावर उभी राहिले. भुरभुर पाऊस वरच्या वर ओघळून गेला. मोठी सर आली तेव्हा मात्र ते भिजलं आणि इतकं जड झालं की मान अवघडली. तरी आत ऊब होती. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही, त्याचा हा फायदा.

डोंबिवलीत मात्र याचे हाल होतात. इथे पांघरायची थंडीच पडत नाही, आणि जुलैत घरभर मेंढवाड्याचा वास सुटतो. दमट हवेत खळीला बुरशी धरते, कपाटात बंद ठेवलं तर कसर लागते. ऊन पडलं की गॅलरीत टाकायचं, झटकायचं. मशीनमध्ये धुऊ नका, आटून नमदा, म्हणजे घट्ट जाड थर होईल. मी ते चटईवर अंथरून झोपते. फरशीचा गारवा वर येत नाही, कंबरेला आराम आहे. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल.

घेताना एक दशी काढून जाळून बघा. केस जळल्याचा वास येऊन चुरणारी राख झाली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. यात्रेत दोन्ही एकाच ढिगात असतात. काका म्हणाले, आता काळी लोकर मिळवायलाच त्रास होतो. मटणाला भाव आहे, लोकरीला नाही, म्हणून लोक जतकडची माडग्याळ मेंढी पाळतात. ती उंच, वजनदार, पण अंगावर लोकर नावालाच. त्यामुळे चांगलं काळंभोर दिसलं तर पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो मापासाठी. उंच माणसाचे पाय बाहेर राहतात, म्हणून घेताना अंगावर ओढूनच बघा, आणि दोघांसाठी हवं असेल तर दोन घ्या.