कडप्प्याचा ओटा न फोडता बसवलेल्या किचन ट्रॉल्या: उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर

जुन्या फ्लॅटमधलं नेहमीचं स्वयंपाकघर. एल आकाराचा ओटा, एक बाजू ८ फूट, दुसरी ५ फूट, वर ग्रॅनाइट आणि खाली कडप्प्याची उभी पार्टिशन. नूतनीकरणाचं बजेट मर्यादित असेल तर इथे दोन पर्याय उरतात: ओटा फोडून खालपासून वरपर्यंत मॉड्युलर किचन करायचं, किंवा कडप्पा आहे तसा ठेवून त्यात ट्रॉल्या आणि शटर बसवायची. इथे दुसरा पर्याय घेतला. कडक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा गेल्यावर मत पक्कं झालं आहे: कडप्पा चांगल्या स्थितीत असेल तर तो फोडू नका. वाचलेले पैसे बिजागऱ्या, चॅनल (ट्रॉली ज्यावर आत-बाहेर सरकते ते रूळ) आणि सिंकखालच्या शटरवर घाला.

बचत नेमकी किती ते मोजून पाहा. ओट्याखाली लाकडी खोकी करायची तर २ फूट रुंद आणि २ फूट खोल अशा एका खोक्याच्या दोन बाजू, तळ आणि पाठ मिळून १७-१८ चौरस फूट प्लाय लागतो. १३ फुटांच्या ओट्याला अशी सहा खोकी धरली तर शंभराच्या वर चौरस फूट. म्हणजे ८ बाय ४ ची किमान साडेतीन शीट, तीही वॉटरप्रूफ दर्जाची, शिवाय आतून लावायचं लॅमिनेट आणि मजुरी. कडप्पा असताना या सगळ्याची गरज पडत नाही. समोरची शटर आणि ट्रॉल्यांचे दर्शनी भाग मिळून साधारण २९ चौरस फूट भरतात, त्याला कटिंगची नासाडी धरून दोन शीट पुरतात. कडप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि तो ओल्या फडक्याने बिनधास्त पुसता येतो. मात्र हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूम धुण्याचं ॲसिड सांडलं तर पॉलिश उडून पांढरट डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही.

अडचण आहे ती मापांची. गवंड्याने उभी केलेली पार्टिशन क्वचितच ओळंब्यात असतात. प्रत्येक कप्प्याची रुंदी पुढे वर, पुढे खाली आणि मागे अशी तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत लहान माप धरा. समजा कप्पा २० इंच, म्हणजे ५०८ मिमी आहे. चॅनल स्क्रूने बसवायला दोन्ही बाजूंना लावलेल्या १८ मिमी प्लायच्या पट्ट्यांचे ३६ मिमी गेले, उरले ४७२. टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला १३ मिमी लागतात, ते २६ गेले, उरले ४४६. यात बाजारातली १९ इंची ट्रॉली बसत नाही, १७ इंची बसते आणि उरलेले १४ मिमी दोन्हीकडे ७-७ मिमी पॅकिंग देऊन भरावे लागतात. हा हिशोब न करता आधी ट्रॉल्या आणल्या की मिस्त्री पट्ट्या तासून कशीबशी जागा काढतो. तासलेल्या पट्टीत स्क्रू धरत नाही, आणि भरलेली ट्रॉली थोड्याच दिवसांत एका बाजूला झुकते. चॅनल पुढून मागे समांतर नसला तरी ट्रॉली शेवटच्या दोन इंचांत अडकते. तक्रार मात्र चॅनलच्या कंपनीकडे जाते.

कडप्प्यावर पट्टी कशी बसवली यावर पुढची अनेक वर्षं अवलंबून आहेत. नुसत्या चिकटवण्याच्या पेस्टवर विश्वास ठेवू नका. प्लास्टिकचे गट्टू आणि स्क्रू चालतात, पण दोन कप्प्यांमधल्या पार्टिशनला आरपार बोल्ट घालून दोन्हीकडच्या पट्ट्या एकमेकींना आवळणं सर्वांत भक्कम. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा आणि काठापासून किमान दोन इंच आत राहू द्या. कडप्प्याला पापुद्रे असतात, हादऱ्याने काठाचा टवका निघतो.

प्लायच्या बाबतीत विक्रेत्याचं ‘वॉटरप्रूफ’ एवढ्यावर थांबू नका. आयएस ७१० हा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही पुरून उरणारा) दर्जा आहे, त्याच्या गोंदाची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला काही काळ टिकणाऱ्या) प्लायसाठी ८ तास. एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायला उकळत्या पाण्याची परीक्षाच नाही, फक्त ६० अंशांच्या पाण्यात ३ तास. सिंकच्या आसपास आयएस ७१० आणि बाकी ठिकाणी बीडब्ल्यूआर पुरतो. शीटवर आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये दुकानातच टाकून बघा. खात्री हवीच असेल तर कापताना उरलेला चार इंची तुकडा घरी पातेल्यात काही तास उकळा. कडेने थर सुटले तर माल परत द्यायची वेळ अजून गेलेली नसते.

आता सिंक. पावसाळ्यात किचनचं फर्निचर खराब होतं ते बहुतेक इथूनच, आणि कारण नेहमी गळका पाइप नसतो. भांडी घासताना पाणी ग्रॅनाइटच्या काठावरून ओघळतं आणि शटरच्या वरच्या कडेवर थांबतं. ही कड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बरेच कारागीर तिला पीव्हीसीची पट्टी लावतच नाहीत. दोन बाजूंच्या उभ्या कडा सुंदर, वरची आणि खालची कड मात्र उघडी. तिथून पाणी आत शिरलं की पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) एका मोसमात फुगतो, प्लायही हळूहळू काळा पडतो. काम ताब्यात घेताना प्रत्येक शटरच्या चारही कडांवरून बोट फिरवा, खाली वाकून खालचीही बघा. इथे सिंकखालच्या शटरला चारही बाजूंनी २ मिमीची पीव्हीसी पट्टी, बिजागरीच्या वाटीच्या भोकात आतून व्हार्निशचा हात आणि ग्रॅनाइटच्या काठाला खालून ड्रिपची खाच (पाणी शटरकडे न ओघळता तिथेच खाली गळावं म्हणून) आहे. पावसाळ्यानंतर त्या शटरची जाडी वरखाली मोजली तर काही फरक नाही. खाच जुन्या ग्रॅनाइटलाही ग्राइंडरने काढता येते, धूळ प्रचंड होते एवढंच. सिंकखाली ट्रॉली घालू नका. सायफन, आरओच्या नळ्या आणि कचऱ्याचा डबा यांना मोकळी जागा हवी, आणि शटरमध्ये हवा खेळायला दोन-तीन फटी. पाइप भिंतीत जातो तिथलं भोक व्हाइट सिमेंटने बुजवलं की झुरळांचा मुख्य रस्ता बंद होतो.

ट्रॉल्यांच्या स्टीलबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो: लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ ग्रेड. तसं नाही. २०२ ग्रेडलाही लोहचुंबक जवळपास चिकटत नाही. फरक निकेलमध्ये असतो. ३०४ मध्ये ते साधारण ८ टक्के, २०२ मध्ये त्याहून बरंच कमी. दुकानदाराकडे तपासणीचं द्रावण असतं, त्याचा थेंब टाकून रंग दाखवायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. गंज आधी दिसतो तो वेल्डिंगच्या जोडांवर, त्यातही ओली भांडी ठेवायच्या थाळी ट्रॉलीत आणि मिठाची बरणी असते तिथे. मुंबई, कोकण किंवा गोव्यात खाऱ्या हवेमुळे २०२ घेऊच नये. थाळी, कप-बशी, कटलरी आणि दोन प्लेन ट्रॉल्या रोज वापरात राहतात. बाटल्यांचा अरुंद पुलआउट मात्र पैशाच्या मानाने फार कमी देतो: तेलाचे ओघळ तळाशी साचतात आणि सहा-आठ इंचांच्या फटीत हात घालून ते पुसता येत नाहीत.

साधा ४५ किलो क्षमतेचा टेलिस्कोपिक चॅनल या वापराला पुरला. टँडम बॉक्स (चॅनल आणि बाजू एकत्र असलेला तयार ड्रॉवर) दिसतो देखणा, पण त्याची किंमत कित्येक पट जास्त असते. घ्यायचाच असेल तर गॅसजवळच्या एकाच वरच्या ड्रॉवरला घ्या. चॅनलला तेल घालू नका. पिठाची धूळ त्यात चिकटून गोळ्या जड फिरतात. कोरड्या ब्रशने झाडलं की पुरे.

बिजागऱ्यांवर मात्र काटकसर नको. कडप्प्याच्या चौकटीत जिथे शेजारच्या दोन शटरांना एकच पट्टी मिळते, तिथे हाफ ओव्हरले (दार पट्टीचा अर्धाच भाग झाकतं अशी), म्हणजे ८ क्रँकची बिजागरी लागते. कारागीर सवयीने पूर्ण पट्टी झाकणारी फुल ओव्हरले आणतात, आणि मग शेजारची दोन दारं एकमेकांना घासतात. ९०० मिमी उंचीपर्यंत दोन, त्यावर तीन बिजागऱ्या. हेटिक, एबको किंवा हाफेले, कुठल्याही चांगल्या कंपनीची सॉफ्ट-क्लोज क्लिप-ऑन घ्या. पावसाळ्यात दोन शटर एक-दोन मिमी सरकली, ती स्क्रूड्रायव्हरने जागेवर आली. क्लिप-ऑनमुळे साफसफाईला शटर उतरवणंही सोपं जातं.

वरच्या कपाटांना एचडीएचएमआर (ओलाव्याला टिकणारा जास्त घनतेचा फायबर बोर्ड) वापरला. पाण्याला तो पार्टिकल बोर्डापेक्षा खूपच चांगला आणि स्क्रूही घट्ट धरतो, पण वजनदार आहे. १८ मिमीचं एक शीट ४५ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे २ बाय २ बाय १ फुटाचं कपाट रिकामंच २० किलो. साडेचार इंची भिंतीवर ते नुसत्या गट्टूंवर टांगू नये. भिंतीच्या पूर्ण लांबीची धातूची रेल आणि अँकर फास्टनर लावा, आणि स्टीलच्या डब्यांची रास खालच्या ट्रॉलीतच राहू द्या.

शटरच्या रूपावर लोक सर्वाधिक वेळ घालवतात, पण टिकाऊपणाचा प्रश्न इथे लवकर सुटतो. बाहेरून १ मिमीचं मॅट लॅमिनेट, आतून लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट. आतली बाजू नुसती रंगवली तर शटर वाकतं, कारण ओलावा एकाच बाजूने आत जातो. मेंब्रेनचा (शटरवर चिकटवलेल्या पातळ पीव्हीसीचा) पापुद्रा गॅसशेजारच्या उष्णतेने सुटतो. अॅक्रिलिकवर घासणीचे ओरखडे उठतात. पांढऱ्या मॅटवर हळदीचा डाग लगेच पुसला नाही तर पिवळसर छटा राहते, म्हणून खाली करडा किंवा लाकडी रंग आणि पांढरा वरच्या कपाटांना.

सिलेंडरच्या कप्प्यात शटरच्या खालच्या भागात जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगत साचते. पाइपचा नैसर्गिक वायू हलका असतो, तिथे हवेची वाट वरच्या बाजूला हवी. रेग्युलेटर आणि नळी हात घालून दिसतील अशी राहू द्या. सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलावी लागते, तिच्यासमोर पक्की फळी ठोकू नका.

कोपऱ्यासाठी महागडं फिरतं कॅरोसेल सुचवतील. साधी कडप्प्याची मांडणीच ठेवा. मोदकपात्र, पुरणयंत्र, सणाची मोठी पातेली तिथे नीट मावतात आणि रोज लागत नाहीत.

कोटेशन घेताना दर धावत्या फुटाचा (ओट्याच्या लांबीचा) आहे की चौरस फुटाचा, आणि चौरस फूट फक्त दर्शनी भागाचे की आतल्या फळ्यांचेही, हे आधी लिहून घ्या. दोन कोटेशनमधला मोठा फरक बऱ्याचदा इथेच असतो. ट्रॉल्या, चॅनल, हँडल, जुन्या लाकडाची उचल आणि जीएसटी वेगळे आहेत का तेही विचारा. दहा टक्के रक्कम महिनाभर वापर होईपर्यंत राखून ठेवा, कारण भरलेल्या ट्रॉलीचं झुकणं तेवढ्या काळात कळतं. काम संपल्यावर लॅमिनेटचा कोड, शीटचा उरलेला एक तुकडा आणि त्याच मॉडेलच्या दोन बिजागऱ्या मागून घ्या. लॅमिनेटचे रंग कंपन्या बंद करतात, आणि नंतर एखादं शटर बदलायची वेळ आली तर जुळता रंग मिळत नाही.