नागपुरात ग्रॅच्युइटी वसूल करताना : कोर्टाला चार, वसुलीला दीड

मालकानं ग्रॅच्युइटी बुडवली तर ती मिळवून देणारी एक सरकारी सेवा नागपुरात आहे. तिला नमुने आहेत, मुदती आहेत, टेबलं आहेत, तेव्हा गुण द्यायलाही हरकत नसावी. पाचपैकी कामगार न्यायालयाच्या टप्प्याला चार, त्यानंतरच्या वसुलीला दीड. सरासरी काढू नका, कारण पैसे हातात पडतात ते दुसऱ्या टप्प्यावर.

आधी आपला आकडा आपण काढा. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. शेवटचं वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलं असेल तर ते पूर्ण धरायचं. हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यात 11 वर्षं 7 महिने काम केलं आणि मूळ अधिक महागाई 18,200 रुपये असेल, तर एका वर्षाचे 10,500 आणि बारा वर्षांचे 1,26,000. हिशेब चुकतो तो नेमका याच दोन जागी. 26 ऐवजी 30 नं भागायचं आणि वरचे सात महिने सोडून द्यायचे, म्हणजे हाच आकडा 1,00,100 वर येतो. फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सुटतानाच्या अंतिम हिशेबाच्या कागदावर तो इतका सुबक छापलेला असतो की कुणी बोट ठेवत नाही. सही करून बसला असाल तरी कायद्यानं देय असलेली उरलेली रक्कम सुटत नाही. 1972 च्या कायद्याचं कलम 14 अशा कागदांच्या वर उभं आहे. कमाल मर्यादा 20 लाखांची, 29 मार्च 2018 पासून.

सुरुवात मालकाकडूनच होते. नोकरी सुटल्यावर 30 दिवसांत नमुना आय द्यायचा. कामगार हयात नसेल तर नामनिर्देशितानं नमुना जे, वारसानं नमुना के. मृत्यूच्या प्रकरणात एरवीची किमान पाच वर्षांच्या सेवेची अट नाही, हे बऱ्याच घरांना कुणी सांगतच नाही. अर्ज मिळाल्यावर मालकानं 15 दिवसांत नमुना एल देऊन रक्कम मान्य करायची किंवा नमुना एम देऊन कारणासह नाकारायची. रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर 10 टक्के सरळ व्याज. वरच्या उदाहरणात ते महिन्याला 1,050 रुपये होतं. अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. गेटवरचा माणूस पोच देत नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा छापून ठेवा. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो पोच म्हणून दाखवायला जाऊ नका. नमुना आय द्यायला उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. अर्ज येवो न येवो, हिशेब करून कळवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे.

मालक गप्प बसला, नकार दिला किंवा कमी दिले की नमुना एन, म्हणजे दाद मागण्याचा अर्ज. मुदत 90 दिवसांची. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि त्यावरच काही तारखा खर्ची पडतात. महाराष्ट्रात या कायद्याखालचे नियंत्रण प्राधिकारी म्हणजे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आणि अपील औद्योगिक न्यायालयात, म्हणजे सिव्हिल लाइन्सची फेरी. (तारीख डिसेंबरमधली असेल तर घरून लवकर निघा. अधिवेशन सुरू असताना त्या भागातले रस्ते कधी बंद होतील ते सांगता येत नाही.)

अर्ज तिथे टाकण्याआधी मात्र एक गोष्ट तपासायची, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. 1972 च्या कायद्यानुसार आस्थापनेच्या शाखा एकापेक्षा जास्त राज्यांत असतील, किंवा ती खाण, रेल्वे वा केंद्राच्या ताब्यातली असेल, तर तिच्यासाठी समुचित शासन, म्हणजे हा कायदा राबवणारं सरकार, केंद्राचं. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), मॉईल या खाण कंपन्यांची नावं सगळ्यांच्या लक्षात येतात. पण नागपूरची सिक्युरिटी एजन्सी जिची एक शाखा रायपूरला, किंवा ट्रान्सपोर्टवाला ज्याचं एक ऑफिस छिंदवाड्याला, तीही यातच बसते. अशा प्रकरणात अर्ज केंद्रीय श्रम आयुक्तांच्या यंत्रणेकडे. चुकीच्या जागी टाकला की समोरचा वकील पहिली तारीख शांतपणे जाऊ देतो आणि अधिकारक्षेत्राचा मुद्दा सावकाश काढतो. लेटरहेडच्या तळाशी छापलेले शाखांचे पत्ते आधी वाचा.

कोर्टाला चार गुण का? कारण वादाचा परीघ लहान आहे. नोकरीचा काळ, शेवटचा पगार आणि नकाराचं कारण, एवढंच. नियुक्तिपत्र नसेल तरी पीएफचं पासबुक आणि यूएएनची (पीएफच्या कायम क्रमांकाची) सेवानोंद हा भक्कम पुरावा ठरतो. महिन्यागणिक कुणी रक्कम भरली ते त्यात दिसतं. कंत्राटदार दर दोन वर्षांनी बदलला, माणूस आणि गेट तेच, अशा प्रकरणात याच नोंदी पाहून सेवेतला खंड खरा होता की कागदावरचा, हे ठरवता येतं. म्हणून नोकरी सुटताच पासबुक उतरवून ठेवा. उलट, हजेरी रजिस्टर मालकाकडे आहे म्हणून ते त्यालाच हजर करायला लावण्याचा अर्ज बरेच जण विसरतात, आणि मग उलटतपासणीत दिवस मोजत बसतात. गुण एकच कापला तो तारखांसाठी: मालकाचा साक्षीदार आला नाही की पुढची तारीख सहज मिळते.

नकाराच्या कारणांपैकी एक खरोखर वजनदार आहे. कामावरून काढताना नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतन हे कारण असेल तर ग्रॅच्युइटी जप्त होऊ शकते. फेब्रुवारी 2025 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्सच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी फौजदारी शिक्षा झालेली असणं गरजेचं नाही. खोट्या जन्मदाखल्यावर नोकरी मिळवलेल्याची पूर्ण रक्कम गेली. त्याच निकालात एसटीच्या वाहकांची जप्ती मात्र 25 टक्क्यांवर आणली. "राजीनामा दिला", "नोटीस पीरियड भरला नाही" ही कारणं यात कुठेच बसत नाहीत. ती ऐकून परत फिरू नका.

आता नव्या कायद्याकडे. चार श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. नोकरी त्याआधी सुटली असेल तर जुनाच कायदा. त्यानंतर सुटली असेल तर तीन फरक लक्षात ठेवा. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर हक्क मिळतो. श्रमिक पत्रकारांना पाचऐवजी तीन वर्षं पुरतात. आणि तिसरा, पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा: वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. एकूण 30,000 आणि मूळ फक्त 12,000 असेल तर भत्ते 18,000. निम्म्याच्या वरचे 3,000 वेतनात येतात आणि गुणाकार 15,000 वर होतो. वर्षाला 6,923 च्या जागी 8,654 रुपये. बुटीबोरी-मिहानमध्ये मूळ पगार लहान आणि भत्त्यांची यादी लांब ठेवण्याची जी पद्धत आहे, तिला हा थेट धक्का आहे. पे-स्लिपवरचा प्रत्येक भत्ता वेगळा लिहून काढल्याशिवाय हा मुद्दा मांडता येत नाही. अर्जासोबत किमान शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा जोडा.

निकाल लागला. मालकाला अपील करायचं असेल तर 60 दिवस, वर कारण दाखवून आणखी 60. आणि आधी पूर्ण रक्कम जमा केल्याशिवाय अपील दाखलच होत नाही. कामगाराच्या दृष्टीनं या सेवेतली ही सगळ्यात चोख सोय. तिथेही पटलं नाही तर पुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

खरी रखडपट्टी सुरू होते ती मालक अपीलही करत नाही आणि पैसेही देत नाही तेव्हा. नमुना टी भरून वसुलीचा दाखला मागायचा, तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदाराकडे, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली व्हायची. कागदावर हे जबर आहे. प्रत्यक्षात तहसीलच्या यादीत शेतसारा, दंड, बँकांचे दाखले यांच्यात हा एक. त्यात एमआयडीसीतला भूखंड भाडेपट्ट्यावरचा, म्हणजे सातबाऱ्यावर कारखान्याचं नाव शोधून उपयोग नाही. "मालमत्ता आढळली नाही" असा शेरा मारला जातो तो यामुळे. हे टाळायचं असेल तर दाखल्यासोबतच मालमत्तेची माहिती आपण द्यायची: भूखंड क्रमांक, पीएफ चलनावरून बँक आणि शाखा, गाड्यांचे नंबर. हिंगणा एमआयडीसी असेल तर हिंगणा तहसील, बुटीबोरी असेल तर नागपूर ग्रामीण. मालमत्ता मुंबई-पुण्यात असेल तर दाखला त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायला लावा, नाहीतर तो इथल्या कपाटात पडून राहतो.

कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली असेल तर ही वाट तेवढ्यापुरती बंदच होते, कारण वसुलीला स्थगिती लागते. तेव्हा तहसीलच्या चकरा थांबवून रिझोल्युशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ती कार्यवाही चालवणाऱ्या व्यक्तीकडे, नमुना डीमध्ये दावा भरायचा, सोबत कोर्टाचा आदेश आणि दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली त्या तारखेपर्यंतच्या व्याजाचा तक्ता.