तीन पुनर्भेटी: 'फ्रेंड्स', 'साइनफेल्ड' आणि 'फ्रेश प्रिन्स' यांपैकी आधी कोणती पाहावी?

एनबीसी वाहिनीवर १९९० च्या दशकात गाजलेल्या तीन विनोदी मालिकांचे कलावंत पुढे अनेक वर्षांनी कॅमेऱ्यासमोर पुन्हा एकत्र आले; मात्र तिन्ही भेटींची जातकुळी इतकी वेगळी आहे की, हाताशी एकच मोकळी संध्याकाळ असलेल्या प्रेक्षकाने थोडा विचार करून निवड केलेली बरी. माझी कसोटी एकच आहे: मालिकेचे सगळे भाग पाहूनही जे कळले नसते, असे काही या भेटीतून कळते का?

'फ्रेंड्स' (१९९४ ते २००४, १० पर्वे, २३६ भाग) या मालिकेची पुनर्भेट २७ मे २०२१ रोजी आली आणि भारतात ती त्याच दिवशी झी५ वर पाहायला मिळाली. बरबँक येथील वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या ज्या २४ क्रमांकाच्या मंचावर मालिका चित्रित झाली, तेथेच जुने सेट पुन्हा उभारून सहाही कलावंतांना बोलावले होते. पावणेदोन तासांच्या या कार्यक्रमात पाहुण्यांची गर्दी आणि वेशभूषांचे प्रदर्शन यांत बराच वेळ जातो, आणि तो भाग वगळला तरी काही बिघडत नाही. खरा ऐवज आहे तो सहा जणांच्या आपसांतल्या बोलण्यात. प्रत्येक चित्रीकरणाआधी सगळ्यांनी गळ्यात गळे घालून गोल उभे राहायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. तो एकदाच चुकला आणि नेमका त्याच दिवशी खुर्चीकडे झेपावताना मॅट लब्लांकचा खांदा निखळला. त्या क्षणाचे मूळ चित्रीकरण येथे दाखवले आहे. लब्लांकच्या पात्राच्या, म्हणजे जोईच्या, गळ्यात अडकवलेल्या हाताचा खुलासा करण्यासाठी लेखकांना पुढच्या भागात त्याला पलंगावरून पाडावे लागले, हे कळल्यावर तो भाग वेगळ्याच नजरेने पाहिला जातो. याहून मोलाची आहे ती मॅथ्यू पेरी यांची कबुली. प्रेक्षक हसले नाहीत तर आपण मरून जाऊ, असे त्यांना दर रात्री वाटत असे, आणि सोबतच्या पाच जणांना याचा पत्ताही नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये पेरी यांचे निधन झाल्यानंतर ती काही मिनिटे पाहताना गलबलून येते.

'साइनफेल्ड'च्या मंडळींनी आठवणींचा कार्यक्रम करण्याऐवजी वेगळी वाट धरली. सहनिर्माते लॅरी डेव्हिड यांच्या 'कर्ब युअर एन्थुझिअॅझम' या मालिकेच्या २००९ मधील सातव्या पर्वात एका काल्पनिक पुनर्भेटीची तयारी चालते, आणि तीत चारही कलावंत स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. संहितेचे वाचन, तालमी, मालिकेचा नायक जेरी याच्या घराचा पुन्हा उभा केलेला सेट हे सारे त्यात येते. १९९८ च्या शेवटच्या भागावर झालेल्या टीकेचाही उल्लेख होतो. पण हे सगळे रचलेले आहे, आणि मूळ मालिका पुरेशी पाहिलेली नसेल तर यातील निम्मी गंमत हातची जाते. ज्यांना आठवणींपेक्षा ती पात्रेच पुन्हा भेटायला हवी आहेत, त्यांनी मात्र हेच निवडावे.

माझ्या कसोटीला पुरेपूर उतरते ती नोव्हेंबर २०२० मधील 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर'ची सव्वा तासाची पुनर्भेट. या मालिकेत नायक विलच्या व्हिव्हियन मावशीची भूमिका पहिली तीन पर्वे जॅनेट ह्यूबर्ट यांनी केली आणि नंतर ती डॅफ्नी मॅक्सवेल रीड यांच्याकडे गेली. या बदलामागील, विलची भूमिका करणारे विल स्मिथ आणि ह्यूबर्ट यांचे वैर २७ वर्षे टिकले होते. येथे दोघे समोरासमोर बसतात. त्या काळी आपण गरोदर होतो, घरची परिस्थिती बिकट होती आणि नव्या करारात काम घटवले गेल्याने तो नाकारावा लागला, हे ह्यूबर्ट सांगतात. 'हिच्यासोबत काम करणे कठीण' हा शिक्का कृष्णवर्णीय अभिनेत्रीची कारकीर्द कशी संपवतो, हे त्या स्मिथ यांना तोंडावर सुनावतात. आपण तेव्हा अवघे एकविशीतले होतो आणि आपल्याला प्रत्येक गोष्टीची धास्ती वाटे, असे सांगून स्मिथ आपली चूक मान्य करतात. पुढे ह्यूबर्ट आणि रीड या दोघी मावश्या प्रथमच एकमेकींना भेटतात. पुनर्भेटीच्या कार्यक्रमात एवढा सरळ हिशेब झालेला मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये निवर्तलेले जेम्स एव्हरी, म्हणजेच मालिकेतले मावशीचे यजमान फिलकाका, यांच्या आठवणींचा भागही तितकाच सच्चा आहे. विलचा बाप त्याला पुन्हा सोडून जातो, त्या प्रसंगात काकांच्या मिठीत तो कोसळतो. विलने बापाला देण्यासाठी आणलेल्या मूर्तीकडे कॅमेरा वळला असताना, 'याला म्हणतात अभिनय', असे एव्हरी आपल्या कानात पुटपुटले होते, ही स्मिथ यांची आठवण अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे.

म्हणून 'फ्रेंड्स' पाठ असली तरी माझी शिफारस आधी 'फ्रेश प्रिन्स'चीच राहील. ही मालिका मराठी घरांत तुलनेने कमी पाहिली गेली असली तरी अडणार नाही. पहिल्या पर्वातील एखादा भाग आणि मे १९९४ मध्ये दाखवलेला, बापाच्या परतण्याचा चौथ्या पर्वातील भाग एवढे पाहून घेतले, तरी पुनर्भेटीत कोण कोणाशी काय आणि का बोलते आहे, हे नीट समजते.