ड्रम सँडर: एका बाजूने उघडा की दोन्हीकडे आधाराचा?

ठाण्या-नवी मुंबईतल्या छोट्या गाळ्यात १६ इंची उघडा ड्रम सँडर (सँडपेपर गुंडाळलेल्या फिरत्या ड्रमने फळी घासणारं मशीन) मोहात पाडतो: फळी फिरवून दोन फेऱ्यांत ३२ इंचांपर्यंत रुंदी घासता येते. पण ड्रमला आधार एकाच टोकाला. मोकळं टोक जरा खाली असलं की फळीच्या मधोमध रेघ उमटते, म्हणून रुंद कामासाठी ते कागदभर उंच ठेवावं लागतं. आधी भंगार फळीवर तपासा.

दोन्हीकडे आधार असलेल्या मशीनला ही कटकट कमी. ड्रमपेक्षा रुंद फळी मात्र आत जातच नाही.

साग दोन्हींना सारखाच छळतो. तेलकट भुश्शाने पेपर भरतो, लाकूड करपतं. ८० नंबरच्या सँडपेपरने एका फेरीत पाव मिलिमीटरपेक्षा कमीच काढा. धूळ ओढणारं यंत्र हवंच.

टेबलटॉपसारखं रुंद काम क्वचितच करत असाल, तर दोन्हीकडे आधार असलेलंच घ्या.